पडद्यामागचा मेस्त्री

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या चिकलठाण्याच्या शाळेत कोणाचेही लक्ष फळ्याकडे नसते. मागच्या बाकावर गुपचूप कामट्या तासणे चाललेले असते. ज्या पोराला साधे त्रैराशिक सुटत नाही, तो आकाशकंदिलाचा षटकोन असा बांधतो की एक कोपरा इकडचा तिकडे होत नाही. आत दिवा नेमका कुठे टांगला म्हणजे कामटीची सावली कागदावर पडणार नाही, हेही त्याला ठाऊक असते. अशा मुलाला सुतार म्हणावे, चितारी म्हणावे की दिवाबत्तीवाला, यासाठी प्रगतिपुस्तकात रकाना नाही. मला मात्र त्याला पाहिले की कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आठवतात.

‘पेंटर’ हे त्यांचे आडनाव नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसते. 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात जन्मलेले हे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. वडील सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम जाणणारे. शाळेत बाबूराव फार गेले नाहीत. (मी स्वतः मॅट्रिकपाशीच थांबलेला माणूस, तेव्हा हे वाक्य मी दूषण म्हणून लिहीत नाही.) घरात रंधा, ऐरण आणि कुंचला एकाच छपराखाली असल्यावर यातली कोणती कला आणि कोणती कारागिरी, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नसावा. पुढे आपणच तो विचारला. चित्रकलेचे अभ्यासक त्यांना सिनेमावाल्यांत ढकलतात, सिनेमाचे इतिहासकार ‘ते चित्रेही काढीत’ म्हणून एका ओळीत वाटेला लावतात. आणि दोघेही ‘कलामहर्षी’ म्हणून हात जोडतात. आपल्याकडे एकदा पदवी दिली, की कामाकडे पाहण्यातून सुटका होते!

माझ्या मते बाबूरावांच्या साऱ्या उद्योगांचा धागा एकच होता: उजेड. आणि तो त्यांना सापडला नाटकाच्या पडद्यावर.

त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव आणि ते स्वतः, दोघांनी 1910 च्या सुमारापासून मोठमोठ्या संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. आजच्या मुलांना पडदा म्हणजे काय हे सांगावे लागेल. राजवाडा, रस्ता, अरण्य हे सगळे कापडावर रंगवलेले. घंटा झाली की राजवाडा गुंडाळून वर जायचा आणि मागून अरण्य प्रकट व्हायचे. दूरचे खांब लहान, जवळचे मोठे, फरशीच्या रेषा एका बिंदूकडे धावणाऱ्या. प्रेक्षकही समजूतदार. नट त्या ‘दूरच्या’ खांबाशेजारी उभा राहून खांबाएवढा दिसला तरी कोणी हसत नसे. गाणे रंगले की झाले.

याच सुमारास, 1913 साली, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या भावांना वेड लागले. कॅमेरा आपणच तयार करायचा असा ध्यास घेतला. 1916 साली आनंदराव वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून 1918 मध्ये चालता कॅमेरा उभा केला. परदेशी यंत्राचे कुलूप इथल्या मेस्त्र्याने उघडले, याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. ते मी पुन्हा करीत नाही. तानीबाई कागलकर या गायिकेने पैसा पुरवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 साली पुण्याला लागला. लोकमान्य टिळकांनी ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की सरकारी परीक्षकांनी त्यावर कात्री चालवली.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. कॅमेऱ्याचा डोळा नाटकाच्या प्रेक्षकासारखा समजूतदार नसतो. वाऱ्याने कापड हलले की राजवाडा हलतो, आणि नटाची सावली रंगवलेल्या आकाशावर पडते. बाबूरावांनी रंगवलेले पडदे बाजूला सारून खरेखुरे, भरीव देखावे बांधायला घेतले; ज्यातून माणूस चालू शकेल, ज्याच्या कोपऱ्यात अंधार साचू शकेल. 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये तर सूर्यावर विसंबणे सोडून कृत्रिम दिव्यांवर चित्रण केले. ज्या विद्येने अन्न दिले, नाव दिले, ज्यात आपला हात धरणारे फारसे कोणी नाही, ती विद्या नव्या कामाला खोटी ठरते हे ओळखून ती टाकून देणे सोपे नाही. आम्ही मास्तर मंडळी वीस वर्षांपूर्वीची टाचणवही टाकीत नाही!

चित्रणाआधी ते प्रसंगांची रेखाटने करीत, वेषभूषा कागदावर उतरवीत. जाहिरातीची भित्तिचित्रे स्वतः रंगवीत. 1924 चा ‘कल्याण खजिना’ लंडनजवळच्या वेंब्ले प्रदर्शनात गाजला व पदक घेऊन आला.

आणि मग 1925 चा ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरी आपट्यांची. सावकार खोट्या कागदाने शेत गिळतो, शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. देवदेवता नाहीत, तलवारी नाहीत. जे. बी. एच. वाडियांनी पुढे आठवण सांगितली ती एका उदास झोपडीची, मंद उजेडाची आणि त्यात भुंकणाऱ्या कुत्र्याची. संवाद नाही, आवाज नाही; आणि तरी भुंकणे लक्षात राहिले. हे फक्त चित्रकारालाच जमले असते.

ही कथा आम्हा चिकलठाणेकरांना परकी नाही. आमच्या शिवारात ज्वारी होती तिथे आज कारखाने आहेत, विमानतळ आहे. इथे सावकाराचा खोटा कागद नव्हता, मोबदल्याचा खरा कागद होता, हा फरक मान्य. पण ज्या बांधावर बाप औत धरून उभा राहिला तिथेच पाळीच्या भोंग्याला धावणारा मुलगा मी पाहिला आहे, आणि तो चेहरा कुठल्या पौराणिक पटात सापडत नाही.

‘सावकारी पाश’ चालला नाही. बाबूरावांचे मन खट्टू झाले आणि ते पुन्हा पुराण-इतिहासाकडे वळले. इथे मला त्यांच्यावर रुसावेसे वाटते. पडदा टाकून देणाऱ्याने एका अपयशाने हाय का खावी? 1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. उत्तम शिष्य घडवणे आणि त्यांना जवळ ठेवणे ही निराळी कामे आहेत. दुसरे त्यांना साधले नाही. बोलपटाशीही त्यांचे सूर जुळले नाहीत. शब्दांच्या गलबल्यात पाहण्याची कला बुडेल, असे त्यांना वाटे. त्यांनी बोलपट केले. 1936 साली ‘सावकारी पाश’ही पुन्हा केला. पण मुक्काम चित्रशिल्पाकडेच वळला. 16 जानेवारी 1954 रोजी ते गेले.

त्यांच्या मूकपटांपैकी तुटक भाग सोडले तर आज काही उरलेले नाही. म्हणजे हा सगळा न्याय मी आठवणींवर आणि छायाचित्रांवर करतो आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. तैलचित्रे मात्र आहेत. त्यांत धुक्यातून यावा तसा उजेड येतो आणि आकृतींच्या कडा त्यात विरघळतात. कोल्हापूरला खरी कॉर्नरवर कॅमेऱ्याचा एक स्तंभही आहे. मे महिन्याच्या सुटीत आमचे अंबाबाईच्या दर्शनाला जायचे घाटते आहे. घरच्या मंडळींना आताच सांगून ठेवले आहे, की देवळातून निघाल्यावर थोडे चालावे लागेल.