नवसाचे जहाज आणि मापाचे सत्य

जहाजाच्या प्रतिकृतीचे मूल्यमापन करताना पहिला निकष लावला जातो तो प्रमाणाचा. १:४८ या प्रमाणात दोन इंच जाडीचा दोर जेमतेम एक मिलिमीटरचा व्हावा लागतो. तो थोडा जाड झाला तरी सारे जहाज खेळण्यासारखे दिसू लागते. हा निकष योग्यच आहे. मात्र तो पुरेसा आहे काय?

स्पेनमधील कॅटलोनियाच्या किनाऱ्यावर, मातारो येथील संत शिमोनाच्या छोट्याशा प्रार्थनामंदिरात नवसाचे एक लाकडी जहाज होते. पंधराव्या शतकातील मानले जाणारे हे जहाज आज रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. मापाच्या कसोटीवर ते उतरत नाही. रुंदीच्या मानाने त्याची लांबी आखूड आहे. परंतु घडण पाहावी. कोरीव ओंडक्यावर रंग फासून कारागिराने वेळ मारून नेलेली नाही. खऱ्या जहाजाप्रमाणे फासळ्या उभ्या केल्या आहेत, त्यांवर फळ्या बसवल्या आहेत, आडव्या तुळयांची टोके कुशीतून बाहेर काढली आहेत.

याउलट सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रज आरमाराच्या प्रतिकृती पाहाव्यात. त्यांचे माप काटेकोर, नक्षी देखणी. खालच्या भागाला फळ्या न मारता फासळ्या मुद्दाम उघड्या ठेवलेल्या. पण त्या फासळ्यांची सुबक, एकसारखी मांडणी ही प्रतिकृतीकारांची रूढी होती. प्रत्यक्ष जहाजे तशी बांधली जात नसत. म्हणजे एकाने मापात सूट घेतली, तर दुसऱ्याने बांधणीत.

भक्ती ही चुकीची सबब होऊ शकत नाही. मातारोच्या जहाजाचा आखूडपणा हा दोषच म्हटला पाहिजे. तथापि त्या काळातील जहाजांचे आराखडे आज जवळजवळ उपलब्ध नसल्याने, मध्ययुगीन जहाजबांधणीचे अभ्यासक याच नवसाच्या वस्तूकडे पुरावा म्हणून वळतात. त्या अनाम कारागिराला अभ्यासकांसाठी काही सिद्ध करायचे नव्हते. देवाला वाहायची वस्तू आतूनही खरी असावी, एवढी निष्ठा त्याच्या कामात दिसते. आपल्या मंदिरांतील वेदी, गव्हाणी आणि मूर्ती घडवणाऱ्यांनी व घडवून घेणाऱ्यांनीही दर्शनी झळाळीबरोबर हा निकष लावून पाहावा.