कोणती मेथड, हे ठरवायचे कोणी?

प्रोग्रामिंगवरची पुस्तके बहुधा भाषा कशी वापरावी ते सांगतात. ग्रेगर किझालेस, जिम दे रिव्हिएर आणि डॅनियल बॉब्रो यांचे ‘द आर्ट ऑफ द मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉल’ (एमआयटी प्रेस, १९९१) निराळा प्रश्न हाती घेते: भाषेचे नियम बदलण्याचा हक्क कोणाचा?

पुस्तकाचा आधार आहे कॉमन लिस्पमधील ‘क्लॉस’ ही ऑब्जेक्ट-व्यवस्था. समजा, ‘छाप’ अशी एक क्रिया आहे. काय छापायचे आणि कोणत्या यंत्रावर, या दोहोंचे क्लास पाहून तिची योग्य मेथड निवडली जाते. बहुतेक भाषांत निवडीची ही रीत भाषाकाराने कायमची ठरवलेली असते. इथे क्रिया, मेथड आणि क्लास ही स्वतःच ऑब्जेक्ट आहेत. म्हणून निवडीची पायरीही नवी मेथड लिहून बदलता येते. कोणता नियम कुठे लावावा हे सांगणारे नियम पाणिनीच्या वाचकाला परके नाहीत. ते वापरणाऱ्याने बदलावेत, हे मात्र नवे.

या मोकळिकीची किंमत वेगात मोजावी लागते, आणि लेखकांचे कसब इथेच दिसते. दर वेळी निवड नव्याने केली तर प्रोग्राम रखडेल. म्हणून प्रोटोकॉल आधी नुसते क्लास पुढे ठेवून विचारतो: एवढ्यावर निर्णय होतो का? होत असेल तर उत्तर साठवून पुन्हा वापरता येते. नसेल तर प्रत्यक्ष ऑब्जेक्ट पाहावे लागतात. निवड करणारी क्रियाही निवडीवरच चालते, मग हे चक्र थांबते कुठे, याचा हिशेब परिशिष्टात दिला आहे.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. मूळ क्लासच्या वागण्याला हात लावू नये, बदल स्वतःच्या उपक्लासात करावा, असे बंधन लेखक घालतात. त्याने इतरांचे प्रोग्राम सुरक्षित राहतात. पण बदलाची नोंद क्रियेच्या व्याख्येपाशी असते. ‘छाप’ वापरणारी ओळ पूर्वीसारखीच दिसते. दहा वर्षांनी ती ओळ दुरुस्त करणाऱ्याने भरवसा कशावर ठेवावा? भाषा घडवणाऱ्याशी पुस्तक मनापासून बोलते, प्रोग्राम वाचणाऱ्याशी फारच थोडे.

१९९४च्या अमेरिकी मानकात क्लॉस आले, हा प्रोटोकॉल मात्र आला नाही. तरीही अनेक लिस्प-प्रणालींनी तो आपणहून स्वीकारला, कारण त्याने हक्क दिला तो मर्यादेसह. ती मर्यादा वाचणाऱ्यालाही दिसावी, एवढे मागणे उरते.