कुसळीला थंडी लागत नाही

दिवाळीच्या सुमारास धायरीजवळच्या टेकडीवर एक चक्कर मारा आणि घरी आल्यावर मोजे बघा. कुसळं रुतून बसलेली असतात. मोज्यांचं ठीक आहे, पण हीच कुसळं मेंढीच्या तोंडात आणि कातडीत घुसतात. म्हणून कुसळी फुलायच्या आधीच चारून घ्यायची, हे मेंढपाळाला कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय फुलोरा आला की दांडा वाढतो, पाला निबर होतो, प्रथिनं घटतात. थोडक्यात, गवत केव्हा फुलतं हा चाऱ्याचाच प्रश्न आहे.

आता माझी तक्रार. या विषयावर आम्ही जे वाचतो, त्यातलं बरंचसं रायग्रास या थंड देशांतल्या गवतावर आहे. त्याला आधी काही आठवडे थंडी लागते. थंडीने व्हीआरएन-१ हे जनुक जागं होतं. मग दिवस मोठा झाला की पानात एफटी प्रथिन बनतं, ते शेंड्याकडे जातं आणि शेंडा पानं सोडून फुलोरा धरतो. टीएफएल-१ हे जनुक याच्या उलट, ब्रेकचं काम करतं. संशोधन उत्तमच आहे. खोट आहे ती याला सगळ्या गवतांची गोष्ट मानण्यात.

आपली कुसळी पावसात वाढते आणि दिवस लहान होत आले की फुलते. पुण्यात सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. डेन्मार्कमध्ये हाच फरक दहा तासांच्या वर जातो. म्हणजे आपल्याकडच्या गवताला दिवसाची मोजणी फार बारीक करावी लागते. इथे रायग्रासपेक्षा भात जवळचा. भातातलं एचडी-१ हे जनुक लहान दिवसांत फुलोरा आणतं आणि मोठ्या दिवसांत तोच रोखून धरतं.

दुसरा आक्षेप ‘फुलोरा लांबवा, चारा वाढेल’ या सल्ल्यावर. राहुरीच्या यशवंत, फुले जयवंत या संकरित नेपियर वाणांना तो चालेल. नेपियरची १४ आणि बाजरीची ७ मिळून त्यांच्यात २१ गुणसूत्रं. जोड्या नीट जमत नाहीत, बी धरत नाही. लागवड ठोंबांनी होते आणि पाणी विहिरीचं असतं. गायरानावर काय? तिथे फुलोरा महिनाभर लांबला तर ओल संपते, दाणा भरत नाही. नव्याने उगवायला बी कुठून येणार?

म्हणून जनुकाचं नाव लिहिताना त्याच ओळीत अक्षांश आणि पाऊस संपण्याची वेळही लिहायला हवी. प्रयोगशाळेत बसून ही माहिती मिळत नाही, तेव्हा तुम्हालाच विचारते: तुमच्याकडे कुसळी कोणत्या आठवड्यात फुलते? गावाच्या नावासकट कळवा.