गुगल फॉर्ममध्ये न आलेला विद्यार्थी

पीएच.डी.साठी विषय शोधताय ना? मग 'कोविड काळातील ऑनलाइन शिक्षण आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची डिजिटल साक्षरता' हा विषय तुमच्याही वहीत कुठेतरी लिहिलेला असणार. चर्चासत्रांत यावर एक तरी शोधनिबंध असतोच. साचा ठरलेला: जिल्ह्यातली चार-पाच कॉलेजं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवलेला गुगल फॉर्म, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच पर्याय, शेवटी रंगीत पाय चार्ट. निष्कर्षही ठरलेला. बहुतांश विद्यार्थी डिजिटलदृष्ट्या साक्षर आहेत, नेटवर्कची अडचण मात्र जाणवते.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. माझा स्वतःचा पायलट सर्व्हे अस्साच होता. रत्नागिरीत बसून फॉर्म पाठवला, उत्तरं आली, तक्ते झाले, मी खूश. सरांनी तक्ते बघितले आणि एकच विचारलं, "ज्याला रेंज नव्हती, त्याने हा फॉर्म कुठून भरला?"

आता हा प्रश्न आपल्या जिल्ह्यावर ठेवून बघा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब आडवे झाले, कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. लाइट नाही म्हणजे चार्जिंग नाही, टॉवर नाही. त्याच महिन्यात सगळीकडे ऑनलाइन वर्गांची तयारी चालली होती. त्या गावातला मुलगा तुमच्या तक्त्यात 'नेटवर्कची अडचण जाणवली' या खान्यात नाहीये. तो तक्त्यातच नाहीये. अडचण जाणवली असं लिहिणाऱ्याकडे निदान ते लिहिण्यापुरती तरी रेंज होती.

पुस्तकात याला कव्हरेज एरर म्हणतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सॅम्पल वाढवून ही चूक जात नाही. तोच फॉर्म आणखी हजार जणांना पाठवलात तर तीच चूक जास्त आत्मविश्वासाने कराल. व्हायवाला "सर, सॅम्पल मोठं आहे" हे उत्तर म्हणून चालत नाही.

दुसरी गडबड 'साक्षरता' या शब्दात आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीचे (2017-18) आकडे सगळेच देतात: ग्रामीण भारतात 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय, शहरांत 42 टक्के. पण त्याच अहवालात पाच वर्षांवरच्या किती लोकांना इंटरनेट वापरता येतं हेही आहे, ग्रामीण 13 टक्के आणि शहरी 37.1 टक्के. पहिला आकडा घरांचा, दुसरा माणसांचा. निबंधांत हे दोन्ही बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरले जातात. शिवाय संगणक 'येतो' म्हणजे काय, तर फाइल कॉपी करणं, ईमेलला फाइल जोडणं अशा यादीतलं एखादं काम जमतं. व्याख्या वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. हा कंटाळवाणा भाग आहे, पण तोच अभ्यास आहे.

पॉल गिल्स्टर यांनी 1997 मध्ये 'डिजिटल लिटरसी' हे पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांचा भर कळ दाबण्यावर नव्हता, सापडलेली माहिती पारखण्यावर होता. एस्टर हार्गिटाई यांनी 2002 च्या अभ्यासात लोकांना 'तुम्हाला येतं का?' एवढंच विचारलं नाही. संगणकासमोर बसवून अमुक माहिती शोधा म्हणून सांगितलं आणि बघत राहिल्या. कुणाला जमलं, कुणाला नाही, वेळेतही बराच फरक. उपकरण असणं वेगळं आणि ते कामाला लावता येणं वेगळं, हा मुद्दा तिथून ठळक झाला. आपण मात्र अजून विचारतो, 'मला इंटरनेटचा वापर आत्मविश्वासाने करता येतो: सहमत/असहमत'. रील्स बघणारा कुणीही सहमतच म्हणणार की!

(वर्तमानपत्रांचीही यात भर आहे. 2020 मध्ये सिंधुदुर्गात डोंगरावर खोपटं बांधून शिकणाऱ्या मुलीची बातमी खूप गाजली. जिद्दीचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण शिकायला डोंगर का चढावा लागला हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला, आणि तो प्रश्न संशोधकाचा आहे.)

मी पुढच्या वेळी कागदावर छापलेली प्रश्नावली घेऊन एसटीने गेलो. राजापूरच्या आतल्या एका वाडीत एका मुलीने 'ऑनलाइन तास नियमित केले' यापुढे 'पूर्ण सहमत'वर खूण केली. मग चहा पिताना बोलली, फोन दादाचा होता, तो कामावरून आला की मिळायचा. सकाळचे तास मैत्रिणीबरोबर सड्यावर जाऊन, एका फोनवर दोघींनी, डेटा पुरावा म्हणून नुसते ऐकायचे. पाऊस आला की छत्रीत. "हजेरी तिची लागायची, पण केले ना आम्ही तास," म्हणाली.

तिची खूण खोटी नाही. कॉलेजची हजेरीही खोटी नाही. माझ्या कोडिंग शीटमध्ये त्या ओळीसमोर अजून पेन्सिलचं प्रश्नचिन्ह आहे, आणि सरांनी ते खोडू नकोस म्हणून सांगितलंय.