‘मोठा घर’ : विशेषणाचं व्याकरण आणि सीमाभागातली शाळा

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल: विशेषण. शाळेत आपण सगळ्यांनी व्याख्या पाठ केली की नामाबद्दल विशेष माहिती सांगतो तो शब्द विशेषण. मग प्रकार आले: गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण. अधोरेखित शब्दाचा प्रकार ओळखा, गुण मिळवा. आमचा आक्षेप असा की ही सगळी मांडणी ज्याला मराठी आधीच येते त्याच्यासाठी आहे. ज्याला ती नव्यानं शिकायची आहे त्याच्या हाती तिच्यातून फार थोडं लागतं.

असा शिकणारा आपल्याकडे कोण? नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या पट्ट्यात अनेक घरांतून तेलुगू बोलतात. लातूर जिल्ह्यात उदगीर, देवणी, निलंग्याकडे कन्नड. यात नवल नाही. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबाद जिल्ह्यात. सीमा बदलली म्हणून घरातली भाषा बदलत नाही.

तेलुगूत मोठा म्हणजे ‘पेद्द’. पेद्द अब्बायी, पेद्द अम्मायी, पेद्द इल्लु. मुलगा असो, मुलगी असो की घर, विशेषण तेच. कन्नडमध्येही तसंच: दोड्ड हुडुग, दोड्ड हुडुगी, दोड्ड मने. अशा घरातलं लेकरू वर्गात ‘मोठा घर’ म्हणालं की बाकीची पोरं हसतात. पण ही चूक ढ असण्याची नाही. विशेषणानं नामाचं लिंग घ्यायचं असतं, ही गोष्टच त्याच्या घरच्या भाषेत नाही.

त्या लेकराची अडचण कळायची तर आपणही घटकाभर शिकाऊ होऊन पाहू. त्यासाठी भाषा घेऊ युरोपातली चेक. तिच्यात मराठीसारखीच तीन लिंगं आहेत आणि विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं. आपल्या ‘नवा’चं तिथलं भावंड पाहा: पुल्लिंगी ‘नोवी’, स्त्रीलिंगी ‘नोवा’, नपुंसकलिंगी ‘नोवे’. नवे आणि नोवे जुळले, पण आ आणि ई यांची अदलाबदल झाली. त्यात पुस्तक म्हणजे ‘क्निहा’ हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘नोवा क्निहा’. आपल्या तोंडून तिथं हटकून ‘नोवी क्निहा’ निघेल. धर्माबादच्या पोराच्या ‘मोठा घर’हून आपली ही चूक वेगळी नाही.

चेक शिकवताना सुरुवातीलाच विशेषणांचे दोन गट समोर ठेवतात. एक ‘नोवी’सारखा, लिंगाप्रमाणे रूप बदलणारा. दुसरा ‘मोडर्नी’सारखा, ज्याचं प्रथमेच्या एकवचनात तिन्ही लिंगांत एकच रूप. आपल्याकडेही नेमके असे दोन गट आहेत. मोठा, काळा, पांढरा, हिरवा, तांबडा बदलतात. लहान, लाल, सुंदर, हुशार, गरीब बदलत नाहीत. म्हणजे मोठा मुलगा, मोठी मुलगी, पण लहान मुलगा, लहान मुलगी. तांबडी माती, पण लाल माती. आकारान्त विशेषण बदलतं ही ओळ आपल्या व्याकरणांत असते, नाही असं नाही. पण ती एक ओळ असते आणि प्रकारांना पानं मिळतात. शिकणारा मग आपली वाट काढतो. ‘नवा’ टाळून ‘नवीन’ म्हणतो, ‘चांगला’ टाळून ‘छान’ म्हणतो, कारण हे शब्द लिंग विचारत नाहीत.

मराठीनं एक सवलतही दिलेली आहे. मोठ्या मुलाला, मोठ्या मुलीला, मोठ्या घरात, मोठ्या मुलांनी. नामाला प्रत्यय लागला की लिंग-वचनाची भानगड संपली, सगळीकडे ‘या’. चेकमध्ये विभक्तीगणिक विशेषणाची रूपं बदलत जातात. आपली ही सोय नवख्याला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी. ती सांगतं कोण?

खरा पेच नपुसकलिंगाचा. तक्त्यात ‘चांगले’ दोनदा येतं: चांगले मुलगे आणि चांगले मूल. बोलताना आपण घोटाळा करत नाही. आपण ‘चांगलं मूल’ म्हणतो. जुन्या लेखनातही ‘चांगलें मूल’ असा अनुस्वार असायचा, तेव्हा डोळ्यांना फरक दिसे. १९६२च्या लेखननियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार काढले. ते योग्यच होतं. पण त्यामुळे छापील रूप आणि बोलीतलं रूप यांत अंतर पडलं, आणि ते शिकणाऱ्याला कुणी समजावलं नाही. चेकमध्येही गंमत अशी की नेमकं याच जागी अंतर आहे. छापील ‘नोवे’ला बोलण्यात ‘नोवी’ म्हणतात. शिकणाऱ्याला दोन्ही रूपं माहीत असावी लागतात, नाहीतर पुस्तक एक सांगतं आणि बाजार दुसरंच ऐकवतो.

दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं, मोरो केशव दामल्यांचं १९११चं. मराठीची घडण उलगडून दाखवणं हे त्यांचं काम, ते त्यांनी मोठ्या ताकदीनं केलं. त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार ही की वर्गवारी आपण वारशानं घेतली आणि वापर शिकवण्याचं जे काम शाळेचं होतं ते राहून गेलं.

करायला फार नको. विशेषण एकटं शिकवू नका, नामासकट शिकवा: मोठा वाडा, मोठी खोली, मोठं घर. बदलणारी आणि न बदलणारी विशेषणं शेजारी शेजारी ठेवा. ‘चांगले’च्या बाजूला ‘चांगलं’ लिहा. प्रकारांची नावं नंतरही पाठ होतील. पण पहिलीतल्या लेकरावर वर्ग एकदा हसला की ते पुढची कित्येक वर्षं मराठीत तोंड उघडत नाही. विशेषणाच्या धड्याची परीक्षा आपण तिथं घ्यावी, असं आमचं म्हणणं आहे.