टिळकांच्या घरी ठोमरे

मराठीत काही पुस्तके अशी आहेत की, ती घरात एकाने आणावीत आणि सगळ्यांनी आळीपाळीने वाचावीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांतले एक. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे भाग प्रसिद्ध झाले, आणि १९३६ सालीच लक्ष्मीबाई निवर्तल्या. तेव्हापासून आजपर्यंत या पुस्तकाचे कौतुक थांबलेले नाही. तथापि हे कौतुक बहुधा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. कोणी त्यातला विनोद पाहतो, कोणी धर्मांतराची हकीकत पाहतो. मला खानदेशात राहणाऱ्या वाचकाच्या नात्याने त्यात तिसरेच काही दिसते, आणि तेच येथे मांडावयाचे आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे, माझ्या मते, मुले वाढवण्याविषयीचे पुस्तक आहे.

आधी त्या घराची घडण पाहू. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याओवळ्याच्या आहारी गेलेले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही. अशा माहेरातून आलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईच्या पतीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. संसार फुटला. चार-साडेचार वर्षांची ताटातूट लक्ष्मीबाईंनी मुळीच गोड करून सांगितलेली नाही. आपला संताप, आपले रडणे, नातलगांचे बोल, सारे त्यांनी जसेच्या तसे लिहिले आहे. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या त्याही आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवून. जातिभेदाची गाठ त्यांच्या मनात हळूहळू सुटली, आणि १९०० साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या सगळ्यात टिळकांनी जबरदस्ती केली नाही, ही गोष्ट वाचकाने नजरेआड करू नये. तापट म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस श्रद्धेच्या बाबतीत थांबू शकत होता.

याचे कारण टिळकांच्या श्रद्धेतच आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. ज्या पुलावरून आलो तो मोडायचा नाही, हा त्यांच्या साऱ्या आयुष्याचा धागा. म्हणून त्यांनी मंडळीला विलायती चालींऐवजी मराठी भजने दिली आणि ओवीत ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. ते पतीच्या मागे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. १९१७ साली तर टिळकांनी मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. तेथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही यावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांतच, १९१९ साली, ते वारले. म्हणून दरबार फुलला नाही. पण त्या दरबाराची एक लहान प्रतिकृती त्याआधीच त्यांच्या नगरच्या घरात उभी राहिली होती, आणि तिच्यात आमच्या धरणगावचा एक मुलगा होता.

तो मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म १३ ऑगस्ट १८९०. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी या कोवळ्या पोराला ‘बालकवी’ ही पदवी दिली, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यानंतर तो नगरला टिळकांच्या घरी राहिला, हे मात्र चरित्राच्या एका ओळीत उरकले जाते. ती ओळ मला फार मोठी वाटते. ज्या काळात ख्रिस्ती माणसाच्या हातचे पाणीसुद्धा वर्ज्य मानीत, त्या काळात ब्राह्मणाचा हा मुलगा ख्रिस्ती घराच्या पंगतीत बसला. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत तो कवी म्हणून कमी आणि घरातले मूल म्हणून अधिक दिसतो. माया आहे, रुसवेफुगवे आहेत. आणि त्या घरातून तो बाहेर पडला तेव्हा तो हिंदूच होता, मराठीच होता, आणि कवी म्हणून अधिक मोठा होता. त्याच्या कवितेतले झरे, फुले, औदुंबर खानदेशच्या मातीतलेच राहिले.

‘यात विशेष ते काय?’ असे कोणी विचारील. विशेष काय ते कळण्यासाठी जरा दूर पाहावे लागते. कॅनडा देशात शंभराहून अधिक वर्षे तेथल्या मूलनिवासी जमातींच्या मुलांना आईबापांपासून तोडून वसतिशाळांत ठेवीत. शाळा सरकारच्या पैशावर चालत, चालवीत बहुतांशी ख्रिस्ती मंडळ्या. दीड लाखाहून अधिक मुले या शाळांतून गेली. त्यांची भाषा बोलली तर शिक्षा होई. २०१५ साली तेथल्या सत्य आणि सलोखा आयोगाने आपला अखेरचा अहवाल दिला, आणि जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन त्या जमातींपुढे क्षमा मागितली. ख्रिस्त तोच, शुभवर्तमान तेच. मग एका ठिकाणी मुलाचा कंठ दाबला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी तो मोकळा झाला, असे का व्हावे?

मला वाटते, फरक धर्माचा नव्हे, घराचा आहे. वसतिशाळेला मूल बदलायचे होते. लक्ष्मीबाईंना त्याला जेवू घालायचे होते. ज्याला मूल बदलायचे असते तो प्रथम त्याची भाषा काढून घेतो. आणि मायेने वाढवणारा त्याच्या भाषेत आपला शब्द मिसळतो.

हा न्याय आपल्याच खानदेशात आणखी एका घराने सिद्ध केला आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गात, आणि मुलगा सोपानदेव व नात्यातली मंडळी ते टिपून ठेवीत. १९५१ साली त्या गेल्या. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली. मुलगा स्वतः नागर मराठीत लिहिणारा कवी. पण आईची बोली त्याने ‘सुधारली’ नाही. इकडे लक्ष्मीबाईंना लिहिते करण्यात मुलगा देवदत्त यांचा वाटा होता. एरवी आई मुलाला बोलायला शिकवते. येथे दोन मुलांनी आयांचे बोलणे जपले. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे, ते त्या जपणुकीचे फळ.

आता टीकाकाराचे कर्तव्य म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टिळकांच्या घराचा देव्हारा करू नये. मायेने सगळेच साधत नाही. बालकवींच्या उत्तरकाळच्या कवितेत जी उदासी दाटून आली, ती कोणत्याही घराला निवारता आली नाही. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली येथे रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. शिवाय टिळक आणि ठोमरे दोघेही ब्राह्मण, दोघांची भाषा एक. त्यामुळे हा सलोखा त्या मानाने सोपा होता. भिल्ल किंवा पावरा मुलाच्या बाबतीत हे घर किती मोठे झाले असते, हा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ पुरता सोडवीत नाही. मात्र दुष्काळात पोरकी झालेली, जातीची चौकशी न करता घेतलेली मुलेही त्या घरात होती, हे विसरता कामा नये.

तो अवघड प्रश्न आज आपल्या दाराशी आहे. धुळे-नंदुरबारच्या आश्रमशाळांत भिली, पावरी, मावची बोलणारी मुले येतात आणि पाठ्यपुस्तकातली मराठी शिकतात. या शाळा आणि कॅनडातल्या शाळा एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. येथे मूल पळवून आणलेले नसते, आणि अनेकांना शाळेने भाकरी व अक्षर दोन्ही दिले आहे. परंतु मूल सुट्टीत घरी जाते तेव्हा आजीशी कोणत्या भाषेत बोलते, हे विचारणारा मास्तर किंवा मास्तरीण शाळेत आहे ना, एवढे आपण विचारू शकतो.

दिवाळीत घर मुलांनी भरलेले असते. फराळ आटोपल्यावर ‘स्मृतिचित्रे’तले एखादे प्रकरण कोणीतरी मोठ्याने वाचावे. मुले पोट धरून हसतील, आणि वडीलधाऱ्यांना कळेल की, परक्याचे मूल आपले करताना त्याचे काही काढून घ्यावे लागत नाही. एवढे शहाणपण एका जेमतेम लिहायला शिकलेल्या बाईने मराठीत लिहून ठेवले आहे.