टक्केवारीच्या आडून

उच्च शिक्षणावर कोणता देश किती खर्च करतो, याची टक्केवारी मांडली की आपल्याकडच्या विद्वानांना तुलना संपली असे वाटते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणासाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के मागितले होते. ते अद्याप मिळालेले नाहीत, हे खरेच. पण मिळतात ते कोणाच्या दारी पोचतात?

अमेरिकेच्या १८९० च्या कायद्याने राज्यांना बजावले : काळ्यांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांची स्वतंत्र महाविद्यालये काढून निधी न्यायाने वाटा. २०२३ साली तिथल्या केंद्र सरकारनेच १६ राज्यांना पत्रे धाडली, की तीस वर्षांत या विद्यापीठांचे १२ अब्ज डॉलरहून अधिक तुम्ही दिलेले नाहीत. श्रीमंत देश, पण बुडवायची माणसे ठरलेली! तरी निदान हिशेब तरी कागदावर आला.

आपल्याकडे अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला डिसेंबर २०२० मध्ये पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपये मंजूर झाले, केंद्राचा वाटा ६० टक्के. त्याआधी बराचसा बोजा राज्यांवर ढकललेला होता. शिष्यवृत्ती रखडली की महाविद्यालय फीसाठी दाखला अडवते, आणि पोरगा मुकाट्याने मजुरीला लागतो. त्याची बुडालेली वर्षे खर्चाच्या कोणत्या रकान्यात मांडायची, ते या तुलनाकारांनी सांगावे.